दारावरचे गर्गे

हेमंत गर्गे या माणसाला मी कधीही पाहिलेलं नाही. गोरा की सावळा, बुटका की उंच, मला काही कल्पना नाही. तरी तीन वर्षं तो माझ्या दारावर होता आणि खरं सांगायचं तर थोडासा घरातही होता. त्याच्यामुळे माझं घर हातचं जायची वेळ आली होती. म्हणजे त्याच्यामुळे, असं मी तेव्हा म्हणत होते. दुसऱ्यावर खापर फोडण्यात आम्हा पुणेकरांचा हात कोणी धरणार नाही.

आई गेली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. लग्न केलं नव्हतं. पुण्याचं घर उदयच्या, म्हणजे माझ्या भावाच्या नावावर. "तू राहा गं ताई, हवं तितके दिवस," असं तो म्हणाला. माणूस वाईट नाही. पण ज्या घरात मी इतकी वर्षं आईचं औषधपाणी केलं, त्याच घरात मला कोणी 'हवे तितके दिवस' मोजून देतंय हे ऐकून माझं डोकंच फिरलं. कंपनीची हैदराबादला एक जागा होती. ती मागून घेतली आणि दोन बॅगा उचलून इथे आले.

इथे घर शोधताना सगळे एजंट एकच प्रश्न विचारायचे. "मॅडम, फॅमिली है क्या?" मी म्हणायचे, मैं हूँ ना. ते म्हणायचे, "हौ हौ, आप तो हैं, फॅमिली कहाँ है?" एका मालकीणबाईंनी तर माझ्या खांद्यावरून जिन्यात डोकावून बघितलं, मागून कोणी येतंय का म्हणून. शेवटी तारनाक्याला एका जुन्या तीन मजली इमारतीत हा फ्लॅट मिळाला. मालक कॅनडात होता आणि त्याला फक्त भाड्याशी मतलब होता. खाली कॉलेजची मुलं, समोरचा फ्लॅट रिकामा. कोणी काही विचारायला नव्हतं. मी सुटकेचा नि:श्वास टाकला.

माझ्याआधी इथे गर्गे राहत होता. जाताना तो बाथरूममधला आरसासुद्धा काढून घेऊन गेला, पण दारावरची पितळी पाटी तेवढी विसरला. 'हेमंत गर्गे', वर मराठीत, खाली इंग्रजीत. मी पहिल्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभी राहिले. एक स्क्रू निघाला, दुसरा गंजलेला, काही केल्या हलेना. एवढ्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन वर आला. त्याने पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि सिलिंडर आत ठेवताना विचारलं, "साब ऑफिस गये क्या?" आवाजात अदब होती. त्याच्या आधी आलेल्या इंटरनेटवाल्याने मला विचारलं होतं, "आप अकेले रहते क्या?" त्यात अदब नव्हती. गॅसवाला गेल्यावर मी निघालेला स्क्रू परत बसवला.

पुढच्या आठवड्यात पुस्तकं घ्यायला कोठीच्या बाजारात गेले आणि येताना पुरुषी चपला घेऊन आले. ही युक्ती काही माझी नव्हे. एकट्या राहणाऱ्या बायका दाराबाहेर पुरुषाच्या चपला ठेवतात, हे ऑफिसातल्या मुलींकडून ऐकलं होतं आणि तेव्हा हसलेही होते. दुकानदाराने नंबर विचारला. मी म्हटलं, नऊ. का नऊ, कोण जाणे. माझ्या मनातला माणूस बहुतेक जरा उंच होता.

"साब कू साथ लाते तो अच्छा था, फिटिंग देख लेते," दुकानदार म्हणाला.

"साब कू टाइम नहीं है," मी म्हटलं.

नवऱ्याविषयी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. इतकं सहज आलं की बसमध्ये बसून मी स्वतःशीच हसत होते.

पण नव्या चपला नव्याच दिसतात. दाराबाहेर कोऱ्या करकरीत चपला महिनाभर पडून राहिल्या तर शेंबडं पोरही ओळखेल. म्हणून दर रविवारी मी त्या घालून गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे. माझा पाय पाच नंबरचा. जिन्यात फटक फटक आवाज व्हायचा. परत आले की एक चप्पल सरळ, एक तिरकी, अशा काढायच्या. पुरुष काढतात तशा.

त्या दिवाळीच्या सुमारास समोर प्रतापराव आणि चतुराबाई राहायला आले. मूळचे बीदरकडचे शेतकरी, पण प्रतापरावांची सगळी नोकरी इथे रेल्वेत गेलेली. मुलगा बंगळूरला. चतुराबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या दारावरची पाटी वाचली आणि त्यांना केवढा आनंद झाला.

"गर्गे म्हणजे आपलीच माणसं की! साहेब कुठं दिसंनात?"

मी खरं सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण त्या इतक्या खुशीत होत्या, आणि प्रतापराव मागे उभे राहून माझ्या दारासमोरच्या चपलांकडे बघत होते. मी म्हटलं, "टूरवर असतात."

आणि मग हेमंत गर्गे वाढत गेला. तो कधी विजयवाड्याला असायचा, कधी नागपूरला. त्याला वांगं चालत नसे. त्याला थोडी शुगर होती, हे मी एकदा पुरणपोळ्या परत देताना सांगून बसले आणि नंतर पस्तावले, कारण काकूंच्या पुरणपोळ्या फार चांगल्या असतात. तरी त्या आम्हा दोघांचं ताट पाठवायच्याच. "साहेबालाबी ठेवा, येतील तवा खातील." मी दोन्ही वाटे खायचे. माझं नाव आगटे आणि पाटीवर गर्गे, याचाही त्यांनी स्वतःच उलगडा करून टाकला होता. "पुण्याच्या बायका माहेरचंच नाव ठेवतेत म्हणं," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना मी कोणाशी तरी बोलायचे ते थेट सोमवारी सकाळी. सोमवारचा पहिला शब्द घशातून घोगरा निघायचा. ऑफिसातली मुलं माझ्याशी चांगली वागायची, मेधाताई मेधाताई करायची, पण संध्याकाळी बिर्याणी खायला निघाली की मला बोलवायचं त्यांच्या लक्षात यायचं नाही. उदयचा फोन सणाला. मला एकटं वाटायचं, फार वाटायचं. कुलूप उघडताना पाटीकडे बघून मी कधीकधी म्हणायचे, "आले हो." हे वेडेपणाचं आहे ते मला समजत होतं. पण रोज मुक्याने दार उघडून बघा एकदा, म्हणजे कळेल.

गेल्या थंडीत प्रतापराव गेले. सकाळी चहा पिता पिता गेले. समोरचं घर नातेवाइकांनी भरलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते, तेव्हा कुणीतरी आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या, "समोरच्या बाईचा मालक कुठाय? मयतीलाबी आला न्हाई." बाहेरून चतुराबाईंचा रडून बसलेला आवाज आला, "त्यांचे साहेब टूरवर असतेत." मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवरा गेलेली बाई माझ्या नसलेल्या नवऱ्याची बाजू घेत होती.

खऱ्या गर्ग्याने तोंड दाखवलं नाही, पण त्याची कर्जं आली. आधी बँकांची पाकिटं यायची. ती मी न फोडता 'इथे राहत नाहीत' असं लिहून परत पाठवायचे. मग एक दिवस वसुलीवाला आला. अंगाने रुंद, खांद्याला बॅग, बोलणं गोड.

"हेमंत गर्गे साब हैं क्या?"

"वो यहाँ नहीं रहते."

"नहीं रहते तो दरवाजे पे नाम कैकू है, मॅडम?" मग त्याने खाली बघितलं. "और चपलाँ किस के?"

समोरचं दार उघडं होतं. चतुराबाई उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्या ऐकत होत्या. आता मी काय करायला हवं होतं ते मला पुरतं माहीत आहे. म्हणायचं होतं, बाबा रे, मी इथली भाडेकरू, हा माणूस माझा कोणी नव्हे. एवढंच. पण काकूंच्या समोर माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, "साहेब टूरवर आहेत."

"तो ऐसा बोलो ना," तो खूश होऊन म्हणाला आणि मोबाइलवर काहीतरी टिपून गेला. त्यानंतर तो अधूनमधून यायचा, मी टूर वाढवत राहायचे.

मग कॅनडाहून मालकाचा निरोप आला. फ्लॅट विकायचा आहे, तुम्ही आधीपासून तिथे राहत आहात म्हणून तुम्हाला पहिला मान. महिनाअखेरपर्यंत कर्जमंजुरी दाखवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

मला ते घर हवं होतं. घर कसलं, दोन खोल्या आणि एक गॅलरी, तीही युनिव्हर्सिटीच्या झाडांकडे तोंड करून. पण त्या दाराशी उभं राहून मला पुन्हा कोणी 'फॅमिली है क्या' असं विचारू शकणार नव्हतं. कोणी मला दिवस मोजून देऊ शकणार नव्हतं. सत्तेचाळिशीला आले होते. पुन्हा एजंटांच्या मागे फिरायचं बळ माझ्यात नव्हतं आणि पुण्याला परत जाऊन भावजयीच्या पाहुण्यांच्या खोलीत राहण्यापेक्षा मी रेल्वे फलाटावर राहिले असते.

भीती होती ती गर्ग्याची. ऑफिसात कौस्तुभ नावाचा एक सर्वज्ञ आहे, त्याला मी आडून आडून विचारलं. "मेधाताई, आधीच्या भाडेकरूचं कर्ज थकलं असेल तर संपलंच," तो म्हणाला. "पत्ताच खराब होतो. त्या पत्त्यावर कोणालाच लोन देत नाहीत." हे त्याने इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की मी जेवणाचा डबा तसाच परत नेला. गर्ग्याला मी मनातल्या मनात लाखोली वाहिली. आरसा नेलास, माझं घरही ने.

बँकेत प्रियदर्शिनी नावाची तरुण अधिकारी भेटली. माझा अर्ज बघून एकदम मराठीत बोलायला लागली. "मी जामबागच्या शाळेत मराठी पोरींसोबत शिकले ना, मॅडम. बोलता येतं. वाचायला बोललात तर नक्को!" मी तिला धीर करून आधीच्या भाडेकरूचं सांगितलं. ती हसली.

"असं काही नसतं, मॅडम. लोन माणसाचं असतं, घराचं थोडंच असतं? आधीचा भाडेकरू किती बी बुडवू दे, तुमच्या क्रेडिट स्कोअरला काय होत नाही. तुम्ही कोणासोबत मिळून लोन घेतलं, नाहीतर कोणाला जामीन राहिलात, तर मग त्याचा फरक पडतो." तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "बघा ना. जॉइंट काही नाही. जामीन कोणाला नाही. तुमच्या नावाला कोणीच जोडलेलं नाही. एकदम क्लीन! असं तर मी क्वचितच बघते."

ती माझं कौतुक करत होती. मी थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन रिक्षा मिळेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला आनंदही झाला होता, आणि तिचं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकूही येत होतं. कोणीच जोडलेलं नाही.

घरी येऊन काकूंना बातमी सांगितली. त्यांनी साखर हातावर ठेवली.

मग चार-पाच दिवसांनी प्रियदर्शिनीचा फोन. आवाज बदललेला. "मॅडम, जरा येऊन जाता का? फाइल थांबलीय."

झालं होतं ते असं. मी ऑफिसात असताना बँकेचा पडताळणीवाला पत्ता बघायला येऊन गेला होता. ही त्यांची नेहमीची पद्धत. घर खरंच आहे का, अर्जदार तिथे राहतो का, शेजाऱ्यांना विचारतात. त्याने पाटीचा फोटो काढला, चपला बघितल्या आणि समोर विचारलं. समोरच्या बाईंनी सांगितलं, नवरा-बायको राहतात, साहेब हेमंत गर्गे टूरवर असतात, फार सज्जन माणूस आहे. मग बँकेने हेमंत गर्गे शोधला. तो त्यांच्याच थकबाकीदारांत सापडला. याच पत्त्यावर, गळ्यापर्यंत थकबाकी, आणि वसुलीवाल्याची नोंद, 'पत्नी सांगते की बाहेरगावी आहेत.'

"स्कोअर तुमचा आज बी तसाच आहे, मॅडम," प्रियदर्शिनी म्हणाली. "त्याच्या लोनने तो कमी झाला नाही, होणार बी नाही. पण तुम्ही अर्जात लिहिलं अविवाहित. आणि शेजारी बोलतात मिस्टर आहेत. वर जे बसलेत त्यांना वाटतं, बुडवणाऱ्याने बायकोला पुढे केलं. आता मला सांगा, ते तुमचे मिस्टर आहेत का?"

"नाहीत."

"मग आहेत कोण?"

त्या मुलीचे डोळे चांगले होते. मी म्हटलं, "चपला मी विकत आणल्या, कोठीहून." आणि मग सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही. टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. म्हणाली, "माझी मावशी बी ठेवते."

तिने उपाय सांगितला. भाडेकराराची प्रत द्या. स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र द्या, की मी अविवाहित आहे, या घरात एकटी राहते, हेमंत गर्गे यांच्याशी माझा कोणताही संबंध नाही. आणि पडताळणीवाला पुन्हा येईल, तेव्हा शेजाऱ्यांनी खरं सांगायला हवं. महिना संपायला आठवडा उरला होता.

स्टँप पेपर सोपा होता. दुसऱ्याच दिवशी कोर्टाजवळ एका टायपिस्टने टाइप करून दिला. 'मी एकटी राहते' हे वाक्य त्याने पोपटासारखं मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी सही केली. आपण एकटे आहोत हे लिहून द्यायला आपल्यालाच पैसे पडतात, याचा मला सणसणीत राग आला. पण खरी अवघड गोष्ट समोरच्या दारात होती.

काकूंना काय सांगणार होते मी? तीन वर्षं तुमची पुरणपोळी दोन वाट्यांची खाल्ली, ती खोट्या माणसाच्या नावाने? तुम्ही नवरा गेलेल्या दिवशी माझी अब्रू राखलीत, ती खोटी होती? त्यांनी दार लावून घेतलं तर या मजल्यावर मला हाक मारणारंही कोणी उरणार नव्हतं. आणि नाही सांगावं तर घर जातंय. मी ऑफिसातून आल्यावर कपडेसुद्धा बदलले नाहीत. बदलले असते तर गेलेच नसते.

काकू देवापुढे दिवा लावून बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच बोलले.

"काकू, मला नवरा नाही. कधीच नव्हता. ही पाटी माझ्याआधीच्या भाडेकरूची आहे."

त्यांनी वात सरळ केली. "ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बस की आधी. उभी कशाला?" तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा एकेरी हाक मारली होती. "यांनीच वळखलं होतं. आलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणले, चतुरा, चपला हायेत एवढ्या मोठ्या अन् आत पायाचा ठसा उमटलाय लेकराएवढा. अन् टाचंकडचा भाग कोराच. या चपला त्या बाईच घालत्यात."

मी खाली बसले. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं की चेहरा फार वाईट होतो, तसा झाला असावा.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? एकट्या बाईनं दाराला कडी लावली म्हणून कुणी जवाब मागतंय का तिला?" त्यांनी माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. "हे तर लई फिकीर करायचे तुझी. तू आठवडा-आठवडा चपला हलवत नव्हतीस. रविवार ते रविवार. कुणाच्याबी ध्यानात आलं असतं. मग हेच सकाळी दूध आणायला जाता-येता पायानं सरकवायचे. कधी हिकडं तोंड, कधी तिकडं. म्हणायचे, साहेब आज येऊन गेले बग."

मला आठवलं. रविवारी एक सरळ, एक तिरकी काढलेल्या चपला बुधवारी वेगळ्या दिसायच्या. मी समजायचे, झाडूवालीचं काम. मग मी विचारलं, "आणि काका गेल्यावर?"

"मग मी," काकू म्हणाल्या. "गुडघ्यानं होत न्हाई मला रोज. पण होईल तवा."

मी तांब्या तोंडाला लावला. किती वेळ प्यायले कोण जाणे.

"अन् ते पोरगं आलं बँकेचं, तर मी काय करायचं होतं?" आता त्यांचा आवाज चढला. "अनोळखी गडी दारात उभा राहून विचारतोय, समोर कोण कोण राहतंय, बाईमाणूस एकटीच हाय का. खामोखा खरं सांगू? मी म्हणलं, हायेत की साहेब. चांगले दोन शब्द जास्तीच सांगितले. तुझं घर व्हावं म्हणून सांगितले गं."

"माहीत आहे, काकू."

"आता काय सांगायचं ते सांग मला. तसं सांगते."

"एकटी राहते म्हणून सांगा," मी म्हटलं.

काकूंनी दिव्यात तेल घातलं. मग म्हणाल्या, "सांगते. पण जीव ऱ्हात न्हाई बग असं सांगायला."

पडताळणीवाला आला तेव्हा मी रजा घेऊन घरीच होते. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "एकटीच राहते ती. तिला कुणी न्हाई." त्याने लिहून घेतलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे नाही. महिना संपायच्या आत मंजुरीचं पत्र हातात पडलं, पुढे रजिस्ट्रीही झाली. उदयचा फोन आला. "एवढं कर्ज कशाला घेतलंस एकटीसाठी?" तो म्हणाला. मी म्हटलं, "एकटीसाठीच मिळतं, असं बँक म्हणाली." त्याला काही कळलं नाही, आणि मी समजावूनही दिलं नाही.

गंजलेल्या स्क्रूत मी रोज थोडं तेल सोडत होते. एका रविवारी तो वळला आणि पाटी हातात आली. दारावर तिच्याएवढा चौकोन जरा उजळ राहिला होता, त्यावर 'मेधा आगटे' अशी नवी पाटी बसवली. चपला आत घेतल्या. टाकवल्या नाहीत, माळ्यावर ठेवल्या. वसुलीवाला एकदाच आला, पाटी वाचली, स्टँप पेपरची प्रत बघितली, "ठीक है मॅडम, माफ करना," म्हणून गेला. आता तोही येत नाही.

सोमवारी ऑफिसातून आले, किल्ली लावली आणि सवयीने तोंडातून निघालं, "आले हो." पाटीवर माझंच नाव होतं. मी आत गेले, दिवा न लावता खुर्चीत बसले आणि हेमंत गर्ग्यासाठी रडले. ज्याला पाहिलं नाही, ज्याचं मला काही देणंघेणं नव्हतं, त्याच्यासाठी. विजयवाड्याहून तो आता परत येणार नव्हता. घर माझं झालं होतं, कायमचं, आणि त्यात मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप लावत होते, तेव्हा जिन्यातून एक माणूस वर येत होता. हातात पार्सल नव्हतं, ओळखीचा नव्हता. वर येऊन त्याने माझी पाटी वाचली, मग काकूंचं दार न्याहाळलं. दाराबाहेर प्रतापरावांच्या चपला होत्या. गेल्या थंडीपासून होत्या, शेजारी शेजारी, सरळ, आणि त्यांच्या भोवती धुळीची बारीक कड होती. काकूंचे गुडघे त्या दिवसांत फारच धरले होते.

"यहाँ कौन रहता?" त्या माणसाने विचारलं.

मी किल्ली पर्समध्ये टाकली. समोरच्या दारापर्यंत गेले, पायाने प्रतापरावांची उजवी चप्पल पुढे सरकवली, डावी तिरकी केली आणि बेल दाबली. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काकू, काका उठले का?"

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, चुकलं माझं.

"उठलेत की," चतुराबाई आतून म्हणाल्या. "चहा घेऊलालेत."